हार्ड डिस्क एक, कॉम्प्युटर चार

घरातले कॉम्प्युटर मोजायला आता एका हाताची बोटं लागतात. मुलीचा कॉलेजचा लॅपटॉप, ऑफिसने दिलेला दुसरा, कुणीतरी हौसेने घेतलेलं मॅकबुक आणि कोपऱ्यात जुना डेस्कटॉप, ज्याच्यावर आजोबा पत्ते खेळतात. एक्स्टर्नल हार्ड डिस्क मात्र एकच असते आणि तिच्यात सगळं कोंबलेलं असतं: लग्नाचा व्हिडिओ, बारशाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, गाणी, नाटकं. ती सगळ्यांना कशी वापरता येईल, असं कुणाला विचारावं तर समोरचा थेट सेटिंग सांगायला लागतो. त्याआधी घरच्यांनी बसून एक गोष्ट ठरवायला हवी. ही डिस्क फिरती ठेवायची की बैठी?

फिरती म्हणजे ज्याला हवी त्याने ती आपल्या लॅपटॉपला लावायची, काम झालं की काढायची. बैठी म्हणजे ती एका जागी कायमची जोडून ठेवायची आणि बाकीच्यांनी घरच्या वायफायवरून तिच्यातलं घ्यायचं. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. घोटाळा होतो तो दोन्ही एकदम करायला गेल्यावर. डिस्क राउटरला लावलेली असते, आतल्या खोलीत कुणी तिच्यावरचा सिनेमा बघत असतं आणि तिसराच येऊन ‘दोन मिनिटांत आणतो’ म्हणून ती उपटून नेतो. तेव्हा काय ते एकच ठरवा, कारण डिस्क कशी फॉरमॅट करायची इथपासून पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

डिस्क फिरती ठेवायची असेल तर तिचं फॉरमॅट घरातल्या प्रत्येक यंत्राला कळलं पाहिजे. दुकानातून आणलेली डिस्क बहुतेक वेळा एनटीएफएस किंवा एक्सफॅट असते. एनटीएफएस हे विंडोजचं स्वतःचं फॉरमॅट, १९९३ पासूनचं. घरात सगळे विंडोजवालेच असतील तर ते तसंच राहू द्या, काही बदलू नका. घरात एक जरी मॅक आलं तरी अडचण सुरू होते, कारण मॅक एनटीएफएस डिस्क वाचतं, पण तिच्यात लिहीत नाही. फोटो दिसतात, उघडतात, पण नवा फोटो टाकायला गेलं की जमत नाही. पैसे मोजून त्यासाठी सॉफ्टवेअर मिळतं, पण ते एका मॅकपुरतं. उलट मॅकचं स्वतःचं एपीएफएस किंवा त्याआधीचं एचएफएस प्लस विंडोजला मुळातच कळत नाही.

दोघांना चालणारी दोन फॉरमॅट आहेत. जुनं फॅट ३२ सगळ्यांना कळतं, अगदी गाडीतल्या म्युझिक सिस्टिमलाही. पण त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकही फाइल बसत नाही. लग्नाच्या व्हिडिओची फाइल साधारण तिथेच अडते आणि गंमत अशी की डिस्कवर शेकडो जीबी मोकळी असताना कॉम्प्युटर सांगतो, फाइल फार मोठी आहे. उरलं एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ते २००६ मध्ये आणलं, अ‍ॅपलने २०१० मध्ये मॅकवर घेतलं आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा तपशील खुला केल्यावर लिनक्सच्या गाभ्यातही ते आलं. विंडोज आणि मॅक एकत्र नांदणाऱ्या घरात फिरत्या डिस्कसाठी एक्सफॅटच घ्या. टीव्हीला लावायची असेल तर मात्र आधी टीव्हीचं माहितीपत्रक बघा. एनटीएफएस आणि फॅट ३२ चालणारे, पण एक्सफॅट न चालणारे टीव्ही अजून घरोघरी आहेत.

फॉरमॅट केलं की डिस्कवरचं सगळं जातं, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण बहुतेक अपघात इथेच होतात. विंडोजला न कळणारी डिस्क लावली की पडद्यावर एक चौकट येते: वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करायची का? खाली दोन बटणं, ‘फॉरमॅट डिस्क’ आणि ‘कॅन्सल’. सूर इतका साळसूद असतो की माणूस हो म्हणून टाकतो. मॅकवर हीच चौकट तीन बटणांची असते: ‘इनिशियलाइझ’, ‘इग्नोर’ आणि ‘इजेक्ट’. त्यातलं ‘इनिशियलाइझ’ म्हणजे पुसायच्या कामाची सुरुवात. घरातल्या लहानथोरांना एवढंच पढवून ठेवा की अशी चौकट आली तर ‘कॅन्सल’ किंवा ‘इजेक्ट’ दाबायचं आणि जाणत्याला हाक मारायची. बहुतेक वेळा डिस्क बिघडलेली नसते, फक्त त्या कॉम्प्युटरला तिची लिपी येत नसते.

विंडोजवर फॉरमॅट करायचं तर ‘धिस पीसी’मध्ये डिस्कवर राइट क्लिक, ‘फॉरमॅट’, यादीतून एक्सफॅट, ‘क्विक फॉरमॅट’वर टिक, झालं. मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’ उघडल्यावर आधी ‘व्ह्यू’मध्ये ‘शो ऑल डिव्हाइसेस’ निवडा, नाहीतर डिस्कच्या आतला फक्त एक भाग दिसतो आणि पुढचा पर्याय सापडत नाही. मग सगळ्यात वरची ओळ, म्हणजे कंपनीच्या नावाची, निवडून ‘इरेज’ करा. फॉरमॅट एक्सफॅट निवडा आणि ‘स्कीम’ विचारेल तिथे ‘जीयूआयडी पार्टिशन मॅप’ ठेवा. हे नवी डिस्क घरी आणल्या आणल्या करावं. भरलेल्या डिस्कवरचं सामान आधी दुसरीकडे हलवायचं तर तेवढी जागा कुठल्याच लॅपटॉपमध्ये नसते.

एक्सफॅटची खोड एकच आहे, पण ती महागात पडू शकते. एनटीएफएस किंवा मॅकचं फॉरमॅट आपण काय बदलतोय याची नोंद आधी करून ठेवतं, त्यामुळे मध्येच वायर निघाली तर पुन्हा जोडल्यावर ते स्वतःला बरंचसं सावरून घेतं. एक्सफॅट अशी नोंद ठेवत नाही. कॉपी चालू असताना डिस्क ओढली तर नुसती ती फाइल नाही, अख्खं फोल्डर गायब झालेलं दिसू शकतं. विंडोज १० मध्ये २०१८ च्या ऑक्टोबरपासून डिस्क पटकन काढता यावी असं सेटिंग आपोआप असतं, म्हणून ‘आता इजेक्ट करायची गरज नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. खाली घड्याळापाशी इजेक्टचं चिन्ह असतं, ते दाबायला दोन सेकंद लागतात. ‘डिस्क वापरात आहे’ असं उत्तर आलं तर तिच्यातली एखादी फाइल कुठेतरी उघडी आहे. ती सापडत नसेल तर कॉम्प्युटर बंद करून मग डिस्क काढा.

फिरत्या डिस्कला त्रास देणारी आणखी एक गोष्ट फाइलींच्या नावांत लपलेली असते. विंडोजला नावात प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह, चांदणी, तिरकी रेघ यांतलं काही चालत नाही. मॅकला यातलं बरंच चालतं. त्यामुळे मॅकवर कौतुकाने ‘मुंज १२/४’ असं नाव दिलेलं फोल्डर विंडोजवर उघडत नाही किंवा कॉपी होताना अडतं. तारखेत तिरक्या रेघेऐवजी आडवी रेघ घाला आणि वर्ष पुढे लिहा, ‘२०२४-०४-१२ मुंज’ असं. म्हणजे फोल्डरही आपोआप क्रमाने लागतात. मॅकवरून आलेल्या डिस्कवर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या चिल्लर फाइली दिसतात, त्या व्हायरस नाहीत. मॅक आपली टिपणं त्यांत ठेवतं. खटकत असतील तर पुसा, फोटोंना काही होत नाही.

मराठी घरांत एक तक्रार हटकून येते. वडिलांनी वीस वर्षांपूर्वी टाइप केलेले लेख किंवा सोसायटीची इतिवृत्तं नव्या लॅपटॉपवर उघडली की पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. डिस्क खराब झाली, असं वाटून लोक घाबरतात. तसं नसतं. तो मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे आणि तो फॉन्ट जुन्या डेस्कटॉपवरच राहिलाय. तो डेस्कटॉप चालू आहे तोवर तिथे या फाइली उघडून त्यांच्या पीडीएफ करून डिस्कवर ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो. मजकूर पुढे बदलायचा असेल तर त्याचं युनिकोड रूपांतर करून देणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं नजरेखालून घालावीच लागतात.

आता बैठी डिस्क. घरात तीनच्या वर यंत्रं असतील तर माझं मत हिच्या बाजूने आहे आणि त्याचं मोठं कारण लोकांच्या ध्यानात येत नाही: वायफायवरून वापरताना फॉरमॅटची कटकट संपते. डिस्क विंडोज डेस्कटॉपला जोडलेली आहे आणि मॅकवरून तुम्ही तिच्यात फोटो टाकताय, तर प्रत्यक्ष लिहिण्याचं काम विंडोज करतं. मॅकने फक्त फोटो त्याच्या हवाली केला. म्हणून बैठी डिस्क खुशाल एनटीएफएस ठेवा. ती पडझडीला जास्त टिकते आणि कुणाला काय करता येईल याचे नियमही तिच्यावर नीट लावता येतात.

ती बसवायची कुठे? सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे राउटर, त्याच्या मागे यूएसबीचं भोक असेल तर. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘यूएसबी शेअरिंग’ चालू केलं की डिस्क घरभर दिसते, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती दिसत नाही आणि दोष ना तुमचा असतो ना डिस्कचा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभर कॉम्प्युटर ओलीस धरले, ते फाइल शेअरिंगच्या एसएमबी १ या जुन्या पद्धतीतल्या एका छिद्रातून. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ही पद्धत मुळात येत नाही किंवा वापरात नसेल तर आपोआप निघून जाते. स्वस्त किंवा जुन्या राउटरला मात्र तेवढीच येते. अशा वेळी कुणी सांगेल, विंडोजमध्ये एसएमबी १ पुन्हा चालू करा. करू नका. राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट करून बघा, त्यात एसएमबी २ किंवा ३ आलं तर ठीक, नाहीतर राउटरचा नाद सोडा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या बिनपासवर्डाचं शेअरिंगही नाकारू लागल्या आहेत, तेव्हा राउटरवर यूजरनेम आणि पासवर्ड ठेवूनच डिस्क शेअर करा.

राउटरची दुसरी अडचण विजेची. खिशात मावणारी अडीच इंची डिस्क आपली वीज यूएसबीतूनच घेते. यूएसबी २ च्या भोकातून ठरलेली वीज ५०० मिलिअँपिअर, यूएसबी ३ मधून ९००. पहिल्या प्रकारात कधी कधी डिस्क टिक्-टिक् आवाज करत सुरू होते नि बंद पडते. हा आवाज ऐकला की लगेच काढा, तशीच ताटकळत ठेवू नका. डेस्कटॉपच्या पुढच्या भोकात असं होत असेल तर मागचं निळं भोक वापरा आणि वायर लांब नको.

मला स्वतःला दुसरी जागा जास्त पटते: तो जुना डेस्कटॉप, किंवा पडदा फुटला म्हणून कपाटात पडलेला लॅपटॉप. त्याला डिस्क जोडायची आणि फोल्डर शेअर करायचे. हे जमायला वेळ लागत नाही, पण चार ठिकाणी पाय अडकतो.

पहिलं, वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करा. पब्लिक असताना विंडोज बाहेरच्यांपासून स्वतःला लपवतं. दुसरं, डिस्कचं अक्षर. आज ई असलेली डिस्क उद्या पेनड्राइव्ह आधी लावला म्हणून एफ होते आणि शेअरिंग तुटतं. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन तिला वर्णमालेच्या शेवटाकडचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाका. तिसरं, कॉम्प्युटर झोपला की डिस्कही गायब. पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ करा. पडदा बंद झाला तर हरकत नाही.

चौथा अडथळा सगळ्यांचा घाम काढतो. दुसऱ्या लॅपटॉपवरून डिस्क उघडताना यूजरनेम-पासवर्ड विचारला जातो आणि माणूस रोजचा चार आकडी पिन टाकत राहतो. तो पिन त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो, जो कुणालाच आठवत नसतो. यावर सोपा उपाय म्हणजे डिस्कवाल्या कॉम्प्युटरवर एक वेगळं लोकल खातं काढायचं. सेटिंगमध्ये ‘अकाउंट्स’, ‘अदर यूजर्स’, ‘अ‍ॅड अकाउंट’. मायक्रोसॉफ्ट ईमेल मागेल तिथे ‘माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही’ अशा अर्थाची ओळ निवडली की पुढे ‘मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय’ असा पर्याय येतो. नाव इंग्रजी अक्षरांत ‘घर’ ठेवा, पासवर्ड द्या आणि तो फ्रिजवर चिकटवू नका, पण घरातल्या सगळ्यांना सांगा.

आता फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘शेअरिंग’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग’. इथे थोडं थांबायला हवं. अख्खी डिस्क सगळ्यांना मोकळी करून देण्याचा मोह होतो. तसं करू नका. फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं यांची फोल्डरं ‘परमिशन्स’मध्ये जाऊन फक्त ‘रीड’साठी शेअर करा, म्हणजे बघता येईल, कॉपी करता येईल, पण पुसता येणार नाही. सोबत ‘आवक’ नावाचं एक फोल्डर काढा आणि तेवढ्यात सगळ्यांना लिहायची मुभा द्या. तिथे शेअरिंगसोबत ‘सिक्युरिटी’ या पानावरही ‘घर’ खात्याला ‘मॉडिफाय’ द्यावं लागतं. दोन्हींपैकी जो नियम कडक तो लागू होतो आणि एकच बदलून लोक तासभर डोकं खाजवत बसतात. ज्याने त्याने आपलं सामान ‘आवक’मध्ये टाकायचं आणि घरातल्या एकाने सवडीने ते जागच्या जागी लावायचं. यात शिस्तीपेक्षा सुरक्षेचा भाग मोठा आहे. मुलाच्या लॅपटॉपवर उद्या खंडणीखोर व्हायरस आला तर तो नेटवर्कवर जिथे लिहिता येतं तिथपर्यंत पोचतो. त्याच्या हाती ‘आवक’ लागेल, लग्नाचे फोटो नाही.

दुसऱ्या विंडोजवरून फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन कॉम्प्युटरचं नाव टाकलं की फोल्डरं दिसतात. मॅकवर फाइंडरमध्ये ‘गो’, मग ‘कनेक्ट टू सर्व्हर’. नावाने सापडत नसेल तर आकडी पत्ता टाका, १९२.१६८ ने सुरू होणारा. हा पत्ता राउटर अधूनमधून बदलतो म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये तो त्या कॉम्प्युटरसाठी राखून ठेवा. आयफोनच्या ‘फाइल्स’ अ‍ॅपमध्ये २०१९ पासून ही सोय आहे. अँड्रॉइडवर व्हीएलसी टाकलं की ‘लोकल नेटवर्क’मध्ये डिस्क दिसते, आणि आजीला फोनवर नातवाच्या बारशाचा व्हिडिओ बघायला एवढं पुरतं.

वेगाबद्दल अपेक्षा मापात ठेवा. ५० जीबीचं फोल्डर यूएसबी ३ च्या वायरीने साधारण आठ-नऊ मिनिटांत कॉपी होतं. तेच २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर, मध्ये एक भिंत असताना, सेकंदाला ५ एमबी मिळाले तर पावणेतीन तास घेईल. सिनेमा बघायला मात्र तेवढा वेग भरपूर होतो. म्हणून डिस्क पहिल्यांदा भरताना वायरीने भरा, नंतर रोजचं वायफायवर सोडा. डिस्कवाला कॉम्प्युटर राउटरला लॅनच्या वायरीने जोडता आला तर फारच उत्तम. निम्मी हवेतली वाट वाचते.

पैसे खर्चायची तयारी असेल तर नॅस नावाची खास पेटी मिळते, दोन डिस्क पोटात घेऊन चोवीस तास चालणारी. चार माणसांच्या घराला ती बहुधा जास्त होते. घेतलीच तर ती बाहेरून, इंटरनेटवरून उघडेल असं काही करू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने क्यूनॅप कंपनीच्या अशाच इंटरनेटला उघड्या पेट्या गाठल्या होत्या.

ऑफिसच्या लॅपटॉपचं काय? अनेक कंपन्या यूएसबी डिस्क लावायला बंदी घालतात, काही नेटवर्कवरची घरगुती फोल्डरंही अडवतात. ती बंदी चुकवायच्या युक्त्या शोधू नका. घरचे फोटो ऑफिसच्या यंत्रावर नसलेलेच बरे.

वीज जाण्याचा विचार वेगळा करायला लागतो. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला हल्ली छोटा यूपीएस असतो, पण साडेतीन इंची मोठी डिस्क स्वतःच्या अ‍ॅडॅप्टरवर चालते आणि तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतो. लाइट गेली की लॅपटॉप चालू, वायफाय चालू आणि लिहिणं अर्धवट टाकून डिस्क बंद. जिथे रोज तास-दोन तास वीज जाते तिथे बैठ्या डिस्कसाठी अडीच इंची घ्या आणि ती जुन्या लॅपटॉपला जोडा, पण त्याची बॅटरी अजून अर्धा तास तरी तग धरते ना, हे बघून.

झेरॉक्सच्या दुकानात घरची डिस्क नेऊ नका. प्रिंट काढायला नेलेला पेनड्राइव्ह परत येतो तेव्हा फोल्डरांच्या जागी शॉर्टकट झालेले असतात, हा अनुभव गावोगावचा आहे. खरी फोल्डरं तिथेच दडवलेली असतात. शॉर्टकटवर क्लिक न करता अँटिव्हायरस चालवा, मग ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर टिक करा; तरीही दिसली नाहीत तर ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन सिस्टिम फाइली लपवण्याची टिक काढा. दुकानासाठी ४ जीबीचा एखादा टुकार पेनड्राइव्ह ठेवा, त्यात त्या दिवशीची पीडीएफ सोडून काही नको.

आणि दुसरी डिस्क घ्या. सगळ्यांनी मिळून वापरायची डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, कारण फोटो त्याच एका ठिकाणी असतील तर ती पडली की संपलं. तेवढ्याच आकाराची दुसरी डिस्क आणून महिन्यातून एकदा पहिली तिच्यावर उतरवा. फ्रीफाइलसिंक हे फुकटचं सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि फक्त बदललेल्या फाइली नेतं. त्यातलं ‘मिरर’ वापरताना सावध राहा. पहिल्या डिस्कवर चुकून पुसलेलं ते दुसरीवरूनही पुसतं. ‘अपडेट’ निवडलं तर जुनं राहतं, थोडी जास्त जागा खातं. उतरवून झालं की दुसऱ्या डिस्कवरचा एखादा फोटो आणि एखादा व्हिडिओ उघडून बघा, मग ती काढून दुसऱ्या घरात ठेवा, भावाकडे किंवा गावी. गणपतीला जाताना ताजी करून न्यायची, पुढे मे महिन्यात आणून पुन्हा उतरवायची, एवढं अंतरही बहुतेक घरांना चालतं. मधल्या काळातले फोटो तोवर कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये असतात, ते तिथून पुसायची घाई करू नका.